हरेश्वरसाठी नारळ

रविवार, ४ जानेवारी १९५९

दसऱ्यानंतर या वहीत एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल दिलगीर आहे. कोणाजवळ दिलगीर, ते कळत नाही, कारण ही वही माझ्याखेरीज कोणी वाचत नाही. वेळ नव्हता असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. वेळ भरपूर होता. लिहिण्यासारखे जे होते त्याची किळस येत होती.

आधी ठिकाण नोंदवतो. रेवदंड्याजवळचा कोळीवाडा, हरेश्वरच्या घराची पडवी. समोर वाळूत बांबू रोवून, त्यांना दोर ताणून केलेल्या वलांडी, आणि त्यांवर पाहावे तिकडे लोंबणारे बोंबील. पहिल्या दिवशी वास नाकात होता, आता जिभेवर बसला आहे. चहालाही तीच चव. आंघोळ करून अंग पुसावे तर टॉवेलातून तो परत अंगावर येतो. मी अमरावतीकडचा, ज्या घरात कांदासुद्धा वार पाहून चिरत, तिथला.

ज्या साप्ताहिकात मी मुद्रिते तपासत होतो ते दिवाळी अंकानंतर बंद पडले. मागोमाग परळची खोली गेली. त्या खोलीतला माझा सोबती हरेश्वर. पाच वर्षे आम्ही तिथे काढली. तो स्टुडिओत गर्दीच्या प्रसंगांत उभा राहायचा, आणि ते काम नसले की थिएटरबाहेर काळ्या बाजाराने तिकिटे विकायचा. मुंबईत मला कोणी ओळखत नव्हते, त्यालाही नव्हते. यापलीकडे आमच्यात समान काही नव्हते असे मला वाटते.

"बीए, चल आमच्या गावाला," तो म्हणाला. माझ्या पदवीवरून तो मला हीच हाक मारतो. "सुकवनीचा हंगाम हाय. उपाशी तरी मरनार न्हाय."

रेवसच्या लाँचमध्ये बसल्यावर त्याने पुढचे सांगितले. "तिकडं तू शेठ. शिनेमा कंपनीचा मालक. मी तुझा मॅनेजर."

मी म्हणालो, मी खोटे बोलणार नाही.

"बोल कोन म्हनतो? गप्प ऱ्हा. गप्प बसलास की तू शेठच वाटतोस."

गप्प राहणे खोटे बोलण्यात मोडते का, याचा विचार मी धक्का येईपर्यंत करत होतो. उतरलो तेव्हा माझी वळकटी त्याच्या डोक्यावर होती, आणि मी ती घेऊ दिली होती.

बुधवार, ७ जानेवारी

हरेश्वरची बायको सगुणाबाई. हा तिला टाकून मुंबईला गेला त्याला नऊ वर्षे झाली. 'टाकून' हा शब्द तो वापरत नाही, तीही वापरत नाही, माझा आहे. मासळी वाळवणे, विकणे, घर, सगळे तीच पाहते. त्याच्याशी ती सरळ बोलत नाही. माझ्याशी बोलते आणि ते त्याला ऐकवते.

"शेठ, तुमच्या मॅनेजरला सांगा, चुलीला लाकडं न्हाईत."

"शेठ, तिला सांगा, आनतो," हरेश्वर म्हणतो.

त्याला हसू येत असते. तिलाही येत असावे. मधे उभे राहून मला मात्र आपण टपालपेटी आहोत असे वाटते.

आयते बसून खाणे बरे नव्हे म्हणून आज बोंबील टांगायला गेलो. ओला बोंबील हातात धरवत नाही. हाड असल्यासारखे वाटत नाही, बुळबुळीत, अर्धपारदर्शक, आणि जबडा उघडा. टांगण्याची इथली पद्धत तर पाहवत नाही. दोन बोंबील घेतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात, आणि ती जोडी दोरावर टाकतात. एक इकडे लोंबतो, एक तिकडे. एकमेकांचे तोंड चावून धरलेल्या हजारो मेलेल्या जोड्या. मला ओकारी आली. मग मी माझी रीत काढली. एकेक बोंबील मधोमध दुमडून, धोतर वाळत घालावे तसा दोरावर टाकला. तोंडाला हात लावावा लागला नाही. अख्खा दोर भरला. दिसायलाही नीट होते.

शनिवार, १० जानेवारी

माझ्या दोरावरच्या बोंबलांत किडे पडले. दुमड पडली होती तिथे वारा लागला नाही, आतून ओलेच राहिले. उलगडून पाहिले तर पांढरे, वळवळणारे. अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. जेवलो नाही.

दोर सोडून सगुणाबाईने ते सगळे खताच्या खड्ड्यात टाकले. रागावली नाही. "शेठ, येकटा बोंबील दोरावर ऱ्हात न्हाय," एवढेच म्हणाली. शेजारच्या वलांडीखाली बसलेली नीराबाई, हरेश्वरची म्हातारी आत्या, एवढी हसली की तिला ठसका लागला. "धोतरं वालत घातली गो ह्या मानसानं!"

हरेश्वर त्यांना म्हणाला, "शेठ परीक्षा घेत व्हते तुमची." माझ्या मूर्खपणावर त्याने असे पांघरूण घातले, याचाही मला संताप आला. मूर्खपणा माझा होता. तो निदान माझा म्हणून राहू द्यायचा.

सोमवार, १२ जानेवारी

आता सिनेमा सुरू झाला आहे. दुपारी बायका वलांडीखाली सावलीला बसून बोंबील अडकवतात, आणि हरेश्वर त्यांना 'शेठचा शिनेमा' सांगतो, म्हणजे मी इथे येऊन जो काढणार आहे तो. रोज थोडा थोडा.

कथा अशी : मुंबईत दोन माणसे, एक कोळी, एक शिकलेला. दोघांना शहरात कोणी विचारत नाही. जिन्याखालच्या खोलीत राहतात. एकच सदरा बरा, म्हणून ज्याला काम शोधायला जायचे असेल तो घालतो, दुसरा घरी बसतो. हे आमचेच आहे, पण सदरा दोघांना बसत नव्हता. माझ्या बाह्या त्याच्या कोपरापाशी संपत.

आज त्याने शिकलेल्याचा विषमज्वर सांगितला. कोळी त्याला पाठीवर घेऊन भर पावसात इस्पितळात नेतो. दारातला शिपाई आत सोडत नाही, तर हा त्याच्या पाया पडतो. नीराबाईने पदर डोळ्यांना लावला. सगुणाबाईचे हात थांबले नव्हते, पण तिने एक जोडी अडकवली, सोडली आणि पुन्हा अडकवली.

मला तिथे बसवेना. पाऊस नव्हता. आणि सबंध वाट त्याने मला पाठीवर नेले नाही. नाक्यापासून हातगाडी मिळाली होती. बाकी प्रसंग घडला होता तसाच आहे. पण आपले दुखणे असे बाजारात मांडलेले मला नको होते.

गुरुवार, १५ जानेवारी

हरेश्वर इथे का आला ते आज कळले. मी समजत होतो, पोटासाठी.

त्याचा थोरला भाऊ अंबाजी होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य आहे. होडीवरचा एक माणूस हात मोडून घरी बसला आहे. पौर्णिमेच्या उधाणाला, म्हणजे पुढच्या आठवड्यात शनिवारी पहाटे, होडी डोल, म्हणजे बोंबलांचे मोठे जाळे, लावायला जाईल. त्याआधी जागा भरायची. हरेश्वरला ती हवी आहे. होडीवर जागा मिळाली तर तो घरात घेतला जाईल. सगुणाबाईने अजून त्याचे अंथरूण माझ्याबरोबर पडवीतच टाकले आहे. जागा मिळाली नाही तर राहायला तोंड नाही, असे तो म्हणाला. इतके थोडे शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते.

इथली रीत अशी की हंगामाच्या मधेच माणूस घ्यायचा तर त्याच्यासाठी घराबाहेरच्या कोणीतरी तांडेलाच्या हातात नारळ द्यायचा. तांडेल विचारतो, ह्याच्या नावावर काही डाग आहे का? नारळ देणारा उत्तर देतो. तांडेलाने नारळ घेतला की जागा पक्की.

आज शेजारच्या होडीसाठी हा विधी झाला तो मी पाहिला. धर्माजी नावाचा माणूस घेतला. त्याच्या वतीने नारळ देणारा म्हणाला, "ह्यानं जल्मात थेंब घेतला न्हाय." धर्माजी तेव्हा खांबाला धरून उभा होता. सगळे हसले, तांडेलही हसला, आणि नारळ घेतला. सगळा वाडा एकत्र येऊन, देवासमोर, उघड खोटे बोलतो आणि गूळखोबरे वाटतो. हे पाहून मला बोंबलांपेक्षा जास्त शिसारी आली.

रविवार, १८ जानेवारी

सिनेमा शेवटाकडे आला आहे. कोळ्याला पोलीस पकडतात. कोर्टात शिकलेल्याला साक्षीला बोलावतात. हा माणूस जन्मात खोटे बोललेला नाही. न्यायाधीश विचारतो, हा त्या रात्री कुठे होता?

"मंग?" नीराबाई म्हणाली.

"मंग तो शिकलेला चष्मा काढतो, पुसतो, परत घालतो. आनि म्हनतो, साहेब, हा माझ्यासंगं खोलीत व्हता."

"खोटा बोलला?" सगुणाबाईने विचारले. या वेळी तिने माझ्यामार्फत विचारले नाही.

"बोलला."

बायका पुन्हा बोंबील अडकवू लागल्या. मी मात्र नंतर हरेश्वरला एकीकडे घेऊन सांगितले, असे कोर्टबिर्ट कधी झालेले नाही, आणि मी चष्मा असा पुसत नाही. इतर सगळे ओढूनताणून का होईना घडलेले होते, हे तर मुळातच बनवलेले.

"व्हय," तो म्हणाला. "ह्यो येकच बनवला." मग वाळूत पायाने रेघ ओढत म्हणाला, "बीए, नारल तू दे."

मी विचार करून सांगतो म्हणालो. विचार केला. नारळ देण्यात असत्य काही नाही. विचारतील त्याचे खरे उत्तर द्यायचे. पाच वर्षे मी त्याच्याबरोबर राहिलो आहे. त्याच्याविषयी सांगायला माझ्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. मी हो म्हणालो. तो एवढा खूश झाला की त्याने माझी चप्पल शिवून आणली.

मंगळवार, २० जानेवारी

जसे झाले तसे लिहितो.

संध्याकाळी देवळासमोर वाडा जमला. अंबाजी दगडावर बसला होता. दुसरा उमेदवार बाळाजी, त्याचा माणूसही नारळ घेऊन आला होता, पण पहिला मान आमचा. मी पुढे झालो. अंबाजीने विचारले, "ह्याच्या नावावर काय डाग हाय?"

मला हरेश्वरकडे पाहायचे नव्हते म्हणून मी नारळाच्या शेंडीकडे पाहत होतो. मी सांगितले. तो सिनेमात काम करतो म्हणजे गर्दीत उभा राहतो. तिकिटे काळ्या बाजाराने विकतो. त्यापायी आठवडाभर कोठडीत होता. मी शेठ नाही, माझी कंपनी नाही, सिनेमा नाही. मी नोकरी गेलेला मुद्रितशोधक आहे. सगळे क्रमाने सांगितले. काही वाढवले नाही, काही गाळले नाही.

बाळाजीने मान खाली घातली होती. त्याला खरे तर आनंद व्हायला हवा होता. नीराबाई पुटपुटली, "आरं देवा, ह्यानं तर समदाच वाचून दावला."

अंबाजीने विचारले, "आनि तुमाला? तुमाला ह्यानं कवा फसवला?"

"मला? नाही. मला कधीच नाही."

"बरं," अंबाजी म्हणाला. त्याचे हात मांडीवरच राहिले. मी नारळ पुढे धरून उभा होतो. किती वेळ धरायचा असतो हे मला माहीत नव्हते. शेवटी हरेश्वर आला, माझा दंड धरला आणि हसत म्हणाला, "शेठ, डायलाग लांबला तुमचा." आम्ही घरी आलो. माझ्या चपला देवळापाशी राहिल्या होत्या. त्या त्यानेच परत जाऊन आणल्या.

नारळ माझ्याकडेच आहे.

बुधवार, २१ जानेवारी

मी चुकलो का, हे तपासत आहे. प्रश्न विचारला गेला, उत्तर दिले. विचारले नव्हते ते सांगितले नाही. उदाहरणार्थ, इस्पितळाचे सांगितले नाही. मी बरा होईपर्यंत तो वॉर्डाच्या पायरीवर झोपायचा, तेही सांगितले नाही. त्याविषयी प्रश्न नव्हता.

अंबाजी सकाळी पडवीत आला. वाड्याची मच्छीमार सोसायटी निघाली आहे, तिला कागदपत्रे पाहायला माणूस हवा. "तुमच्यावानी खरा बोलनारा मानूस आमाला गावनार न्हाय," तो म्हणाला. म्हणताना माझ्याकडे न पाहता वलांडीकडे पाहत होता. मला आनंद झाला. पुष्कळ दिवसांनी कोणी माझ्या गुणाची कदर केली होती. आनंद झाला म्हणून स्वतःची किळस आली, आणि तरी आनंद गेला नाही.

एक गोष्ट समजत नाही. अंबाजीने बाळाजीचा नारळ अजून घेतलेला नाही. बाळाजी सकाळपासून किनाऱ्यावर तयार उभा आहे. होडीला माणूस कमी, आणि हा जागा रिकामी ठेवून बसला आहे. असल्या कारभाराने सोसायटी कशी चालणार?

हरेश्वर चिडलेला नाही. तो चिडत का नाही? शिवी दिली असती तर मी तिला उत्तर दिले असते.

शुक्रवार, २३ जानेवारी

आज वलांडीखाली बायका बसल्या होत्या. हरेश्वरही बसला, नेहमीप्रमाणे बोंबील अडकवत. नीराबाईने टोमणा मारला, "काय रे, शिनेमात तर तो खोटा बोलला व्हता?"

"शिनेमात बोलला," हरेश्वर म्हणाला. "तेवढ्यासाठीच तर शिनेमा असतो, आत्या."

कोणी हसले नाही. मी पडवीत होतो. मी तोंड फिरवून बसलो.

दुपारी तो कपडे बांधताना दिसला. उद्या पहिल्या एसटीने रेवस, तिथून लाँच. मी माझी वळकटी काढू लागलो तर म्हणाला, "तू हितंच ऱ्हा, बीए. सोसायटीत बस. पंखा न्हाय, पन खुर्ची हाय. मुंबईत येकट्याचं कसं बी भागतं." मग थोड्या वेळाने, "पान्याचा तांब्या रोज भरून ठेवत जा. तू इसरतोस."

सगुणाबाई मागच्या दारी टोपली धूत होती. मी तिच्याजवळ गेलो. इथे आल्यापासून मी आपणहून तिच्याशी प्रथमच बोललो. म्हणालो, मी तुमच्या नवऱ्याबद्दल सांगितले त्याचा तुम्हाला धक्का बसला असेल.

"कसला धक्का?" ती म्हणाली. "दोन वर्सांमागं मी मुंबईला मार्केटात गेलेली. थेटराच्या दारात ह्याला तिकिटं इकताना बगितला."

"मग कोणाला सांगितले नाहीत?"

"कोनाला सांगू? हितं समद्यांना ठाव हाय. बाळाजीचा मेव्हना त्याच थेटरात दारावर हाय."

"अंबाजीला?"

"त्याला पयल्यांदा."

मी विचारले, मग अंबाजीने मला विचारले कशाला? तिने टोपली उपडी घातली आणि माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी दुमडलेल्या बोंबलांकडे पाहिले होते, तसेच.

"शेठ, दर्यात मानूस गेला की त्याच्यामागं कोन उभा हाय का, तेवढाच बगायचा असतो. बाकीचा दर्या बगतो."

"म्हणजे मी खोटे बोलायला हवे होते?"

"लाज झाकाया फडका लागतो. तो खरा का खोटा, कोन इचारतो? ह्यो नऊ वर्सांनी आला, अंगावर येक फडका घेऊन. तो फडका म्हनजे तुमीच." ती उठली. "आनि मी पडवीतला अंथरून उद्याच्याला आत घेनार व्हती."

मी म्हणालो, आता काही उपाय नाही.

"होडी सुटस्तोवर जागा मोकली हाय," ती म्हणाली आणि आत गेली.

म्हणजे अंबाजीने जागा रिकामी ठेवली ती हरेश्वरसाठी, कारभार ढिला म्हणून नव्हे. हे मला दोन दिवस कळले नाही, आणि मी त्याला वहीत नावे ठेवली. बुधवारची ती ओळ खोडणार होतो. राहू दे.

संध्याकाळपासून एकाच प्रश्नाशी बसलो आहे. मी खोटे बोललो असे मी जाऊन सांगितले, तर तेच माझे पहिले खोटे होईल. ते तिथे कोणालाच फसवणार नाही. मग ते खोटे आहे का? आहे. त्याला पळवाट नको. सोसायटीची खुर्चीही जाईल. खोटे बोलल्याचे कबूल करणाऱ्याला कागदपत्रे कोण देईल? हरेश्वर घरात जाईल, आणि मी पडवीत एकटा राहीन किंवा मुंबईला जाईन. हरेश्वर घरात गेला की मी एकटा, हे मंगळवारीही असेच होते. नारळाच्या शेंडीकडे पाहताना माझ्या मनात यातले काय होते, ते लिहायला बसलो, पण लिहिता येत नाही. नुसतीच किळस येते, आणि ती वासाची नाही.

अंधार पडण्याआधी वलांडीवर गेलो. टोपलीत थोडे ओले बोंबील उरले होते. दोन घेतले, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला. बारीक दात बोटात घुसले. दोरावर टाकले. वारा चांगला होता, तरी पडले नाहीत. हात धुतले, वास गेला नाही.

उद्या : उजाडताना, होडी सुटण्याआधी, नारळ घेऊन अंबाजीकडे जाणे आणि सर्वांसमोर सांगणे की मंगळवारी मी खोटे बोललो.